चंचलभाभी डाव सोडत नाहीत

आळेफाट्याला भांड्यांची दुकानं पुष्कळ आहेत. पण गिऱ्हाईक तव्याचा भाव विचारत असताना "जरा थांबा राव, माझ्या राजाला शह हाय" असं त्याच्या तोंडावर सांगणारं दुकान एकच होतं, चंचलभाभींचं. आणि गिऱ्हाईक थांबायचं, हे आणखी विशेष. थांबून थांबून त्यांतले काहीजण घोडा अडीच घरं चालतो एवढं शिकूनही गेले.

नाव चंचल, आणि बाई अशी की गल्ल्यामागच्या गादीवर एकदा मांडी ठोकली की उठायचं नाव नाही. सासरे राजस्थानातून आले, त्यांनी हे दुकान टाकलं आणि सुनेला बुद्धिबळ शिकवलं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दुकान भाभींच्याच हातात. डोक्यावर पदर, नाकावर घसरलेला चष्मा आणि बोलणं अस्सल जुन्नरी. मुलाशी, राजूशी, त्या एरवी मारवाडीत बोलत, पण भांडण सुरू झालं की मायलेकरं मराठीवर येत. "भांडनाला साक्षीदार लागत्यात, मास्तर," असा त्याचा खुलासा त्यांनी मला केला होता.

मी तेव्हा पिंपरी पेंढारच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि नारायणगावला राहत होतो. घरी जाताना आळेफाट्याला गाडी बदलावी लागे, आणि ती गाडी कधी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. असाच एकदा जेवणाचा डबा घ्यायला दुकानात शिरलो. गल्ल्यावर कुकरच्या शिट्ट्या, रबरी रिंगा, आणि त्यांच्या मधोमध पट मांडलेला. भाभींनी डबा दाखवला, भाव सांगितला, आणि मी पाकीट काढतोय तोवर पटाकडे बोट करून विचारलं, "येतं का?"

"थोडंफार," मी म्हणालो. कॉलेजात मी बऱ्यापैकी खेळायचो, तेव्हा हा निव्वळ विनय होता.

"मग बसा. पांढरी घ्या. तुमची गाडी काय इतक्यात येत न्हाई."

गाडी आली तोपर्यंत माझा वजीर गेला होता. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "हरलो भाभी. सोडतो डाव."

भाभींचा चेहराच बदलला. "आसं न्हाई चालत. हितं डाव सोडायचा न्हाई. मात व्हईल तवा मी सांगीन."

"अहो, गाडी लागलीय."

"दुसरी येईल. वजीर गेला म्हंजी मानूस मेला का?"

गाडी गेली. दुसरी येईपर्यंत मला मात झालीच, पण जाताजाता मी भाभींचा एक हत्ती मारला, आणि हरूनही घरी जाताना माझी छाती उगाच फुगली होती. पुढे मला कळलं की हा त्या दुकानाचा कायदाच होता. तिथे कुणीही हार कबूल करायची नाही. समोरच्यानं हरवायचं, आणि ते पुरतं करून दाखवायचं. तोंडानं "मी जिंकलो" म्हणणाऱ्याला भाभी विचारत, "कुटं जिंकला? माझा राजा तर हितं हाय की."

भाभींच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. त्यामुळे संध्याकाळचे डाव अर्धवट राहत. ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरलं की भाभी डाव जिथल्या तिथे थांबवत आणि भिंतीला टेकवलेली मोठी परात पटावर पालथी घालत. त्या परातीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा लग्नाच्या खरेदीला आलेल्या माणसानं नेमकी तीच परात पाहिजे म्हणून हट्ट धरला. भाभी म्हणाल्या, "ती न्हाई देता येत, तिच्याखाली डाव हाय." त्या माणसाला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं गुपचूप दुसरी घेतली.

भांड्यांवर नावं घालायचं कामही त्या स्वतःच करत. हातातलं छोटं मशीन टर्रर्र आवाज करत स्टीलवर फिरवायचं आणि अक्षरं उमटवायची. निमगाव सावाचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा संसारसेट घ्यायला आले होते. सोबत मुलगी. सगळी भांडी निवडून झाल्यावर त्यांनी जावयाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "समद्यांवर हेच घाला."

भाभींनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. "ही भांडी वापरनार कोन?"

"वापरनार हीच की," गृहस्थ हसले.

"नाव काय गं तुझं?"

मुलीनं हळूच नाव सांगितलं. गृहस्थ "अहो पन पावणं काय म्हनतील" असं म्हणेपर्यंत मशीन सुरू झालं होतं आणि हंड्यावर मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलंही होतं. "पावण्यांना काय म्हनायचं आसंल तर माझ्याकडं धाडा," भाभी मान वर न करता म्हणाल्या. "मी हितंच आसती."

आणि त्या होत्याही तिथेच. पावणे काही आले नाहीत.

दुकानात खेळायला येणाऱ्यांत आळ्याचा बाळू होता. टोमॅटोच्या गाड्या भरून देण्याचा त्याचा धंदा. माणूस दिलदार, पण मोबाईल आल्यापासून त्याला स्वतःचं डोकं वापरायचा कंटाळा आलेला. एका संध्याकाळी परात पडायच्या आत त्यानं पटाचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेढे घेऊनच आला. योगायोगानं शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही तिथे होतो.

"भाभी, तुमी हरल्या. मोबाईलला इचारलं. तो म्हनतो डाव माझा."

भाभींनी परात उचलली. त्यांच्याकडे नुसता राजा उरला होता. बाळूकडे राजा, एक उंट आणि पटाच्या अगदी काठाचं एक प्यादं. ते प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होणार, आणि मग संपलंच. मोबाईलनं चुकीचं काय सांगितलं, असं मलाही वाटलं.

"पेढे ठेव बाजूला," भाभी म्हणाल्या, "आन् खेळ. मोबाईल म्हनंल तसंच खेळ."

भाभींचा राजा सरळ जाऊन कोपऱ्यात बसला, ज्या घरात त्या प्याद्याला पोचायचं होतं तिथेच. ते घर पांढरं होतं आणि बाळूचा उंट काळ्या घरांतून चालणारा. उंट कितीही नाचला तरी त्या घराकडे त्याची नजरच जाऊ शकत नव्हती. प्यादं पुढे रेटलं तर भाभींच्या राजाला हलायला जागा राहीना, पण शहही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. प्यादं तिथंच ठेवून बाळूनं आपला राजा मागे घेतला, तर भाभींचा राजा कोपऱ्यातून बाहेर डोकावून पुन्हा आत. बाळू घामाघूम झाला. मोबाईल मात्र शेवटपर्यंत सांगत होता की तू जिंकतोयस.

"आसं कसं?" बाळू मोबाईलवर टिचक्या मारत म्हणाला. "ह्याचं डोकं फिरलं का?"

"डोकं न्हाई फिरलं," भाभी म्हणाल्या. "त्येला मोजता येतं. उंट एक, प्यादं एक, माझ्याकडं कायच न्हाई. मग त्येला वाटतं, तू शिरीमंत. पन माझ्या घरात शिरायला दारच न्हाई, हे मोजून कसं कळनार? ते बघावं लागतं." आणि बाळूचा पेढा त्यांनी आनंदानं खाल्ला.

मी विज्ञानाचा मास्तर, मला चैन पडेना. नंतर मी वाचून काढलं, तेव्हा भाभींचं बोलणं बरंचसं खरं निघालं. चांगले प्रोग्रॅम बाळूच्या फुकटच्या ॲपसारखे फसत नाहीत. पटावर अगदी थोड्या सोंगट्या उरल्या की त्यांच्याकडे प्रत्येक मांडणीचं तयार उत्तर असतं. पण सोंगट्या जास्त असल्या आणि सगळं गच्च अडकून बसलेलं असलं, की भलेभले प्रोग्रॅमही गोंधळतात. ते हजारो वाटांनी पुढे पाहतात आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी हिशेब करतात. हिशेबात त्यांचाच फायदा दिसतो, मग त्यांना वाटतं आज नाही तर पुढे कधीतरी जिंकू. पुढे कधीच काही घडणार नाही, हे कळण्यासाठी पुढे पाहून भागत नाही. माणूस नुसती भिंत बघतो आणि म्हणतो, इथून वाट नाही. यंत्र बिचारं न थकता भिंतीपाशी येरझारा घालत राहतं.

हे मी भाभींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यवढं शिकून तुमाला हे आत्ता कळलं व्हय?"

मग भाभी पडल्या. वरच्या फळीवरचा हंडा काढायला स्टुलावर चढल्या, तिथून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. राजूनं तातडीनं पुण्याला नेलं, ऑपरेशन केलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. राजू वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण अशा वेळी मुलगा वाईट निघाला की लिहिणाऱ्याचं काम फार सोपं होतं. त्यानं आईचं सगळं केलं. कॉम्प्युटरची नोकरी करणारा माणूस, आईचा व्यायाम, गोळ्या, डॉक्टर, सगळं त्यानं शिस्तीत बसवलं. पण वॉकर धरून चालता येऊ लागल्यावर भाभींनी आळेफाट्याचा धोशा लावला, आणि "फक्त दुकान बघून येऊ" म्हणून ज्या आल्या त्या गादीवर बसल्या. राजू त्यांना न्यायला रविवारी आला तेव्हा दुकान कायमचं बंद करायचं ठरवूनच आला होता.

भांडण मराठीत सुरू झालं. साक्षीदार म्हणून बाळू होता, मी होतो, आणि दुकानात काम करणाऱ्या आळ्याच्या सुमनबाई होत्या.

"मम्मी, तू ऐकून तरी घे," राजू म्हणाला. "वर झोपायला जिना चढावा लागतो. पाय असा. वय असं. पुन्हा पडलीस तर? तू एकटी इथे राहणं शक्यच नाही. कुणालाही विचार."

"कुनाला इचारू? तुझ्या त्या मोबाईलला?"

"मोबाईलचा काय संबंध?"

"हाय संबंध. तूबी त्याच्यावानीच मोजतोस. पाय गेला, वय झालं, जिना हाय. म्हनून म्हातारी हरली." भाभींनी वॉकर बाजूला सारला आणि पट पुढे ओढला. "काढ तुझ्या मोबाईलातला सगळ्यात हुशार गडी. त्येनं मला मात केली तर मी हे शटर वढते आन् तुझ्या गाडीत बसते. जलमभर तोंडातनं चकार शब्द काढनार न्हाई. त्येला जमलं न्हाई, तर हा इषय परत काढायचा न्हाई."

राजूला हसू फुटलं. "मम्मी, जगातले मोठमोठे खेळाडूसुद्धा याला हरवू शकत नाहीत."

"मी त्येला हरवीन आसं कुठं म्हनलं? त्येनं मला हरवावं."

सुमनबाई पदरानं डोळे टिपायला लागल्या. इतकी वर्षं जे दुकान भाभींनी एकटीनं चालवलं, ते त्यांनी पटावर लावलं होतं, आणि समोर राजूच्या मोबाईलमधलं जे यंत्र होतं त्याच्यापुढे कुणाचीही डाळ शिजत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी "भाभी, अहो" म्हणून सुरुवात केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला सरकलो.

यंत्र काय चाल सांगतं ते बघून राजू काळ्या सोंगट्या हलवत होता. भाभींनी एकदाही हल्ला केला नाही. मिळेल तिथे मारामारी करून दोन्हीकडचे हत्ती, वजीर पटाबाहेर घालवले आणि प्याद्यांमागून प्यादी यंत्राच्या प्याद्यांसमोर नेऊन उभी केली, दोघांनाही पुढे सरकता येऊ नये अशी. दुपार होईतो पटाच्या मध्यभागी नुसती प्याद्यांना प्यादी भिडलेली. शेवटची एक फट राहिली होती उजव्या काठाजवळ. आणि तेवढ्यात यंत्राच्या उंटानं भाभींच्या घोड्यावर नेम धरला.

"घोडा जातोय भाभी," बाळू न राहवून म्हणाला.

"जाऊ दे," भाभी म्हणाल्या, आणि घोडा वाचवायचा सोडून त्यांनी काठाजवळचं प्यादं पुढे ढकललं. उंटानं घोडा खाल्ला. राजूनं मोबाईल आमच्याकडे फिरवला. पडद्यावरचा फायद्याचा आकडा चांगलाच वर गेला होता.

"संपलं, मम्मी," तो हळू आवाजात म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला नाही.

"माझा राजा हितं हाय की," भाभी म्हणाल्या, आणि राजा एका पांढऱ्या घरातून शेजारच्या तिरप्या पांढऱ्या घरात ठेवला.

मग खरा डाव सुरू झाला, म्हणजे डाव थांबला. यंत्रानं उंट फिरवला. भाभींनी राजा परत पहिल्या घरात आणला. यंत्रानं आपला राजा पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत नेला, कुठून आत शिरता येतं का बघायला. भाभींचा राजा त्या घरातून या घरात. भाभींची सगळी प्यादी पांढऱ्या घरांत उभी होती आणि यंत्राचा उंट काळ्या घरांतला, तो एकाही प्याद्याला शिवू शकत नव्हता. काठाची पट्टी मोकळी होती, पण तिथून आत यायच्या घरावर भाभींच्या त्या शेवटच्या प्याद्याची नजर होती. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. भाभी एका हातानं राजा सरकवत होत्या आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला कुकर उघडून दाखवत होत्या. "ही रिंग मऊ निघंल, वर्सानं बदलून घ्या. हां, राजू, खेळला का? हे घे." आणि राजा पुन्हा मागच्या घरात.

बुद्धिबळात नियम आहे. दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या आणि त्यात एकही प्यादं हललं नाही की काही मारलं गेलं नाही, तर डाव बरोबरीत. राजूला तो ठाऊक होता; बुद्धिबळ त्याला शिकवलं होतं आईनंच. त्यातल्या पंचवीसेक चाली झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तो मोबाईलकडे कमी आणि पटाकडे जास्त बघतोय. एकदा त्यानं हात पुढे करून हवेतच आपल्या राजाची वाट आखली, काठापर्यंत नेली आणि हात मागे घेतला. मोबाईल अजूनही त्याच्याच बाजूनं आकडा दाखवत होता. राजूनं कपाळावरचा घाम पुसला आणि मुकाट्यानं तो सांगेल तसा उंट हलवत राहिला. यंत्राचा धीर संपला नाही, आणि भाभींचाही नाही.

शेवटी आकडा उतरायला लागला आणि पडद्यावर बरोबरी उमटली. बाळूनं टाळी वाजवली. राजूनं मोबाईल पालथा ठेवला.

"पण तू जिंकली नाहीस, मम्मी," तो म्हणाला. लहान मूल हट्ट करतं तसा त्याचा आवाज झाला होता.

"जिंकायचं कुनाला व्हतं?" भाभी म्हणाल्या. "मला हितं ऱ्हायचं व्हतं."

माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. राजू उठला, जिन्यापाशी जाऊन वर बघितलं, मग दुकानामागच्या कोठीत गेला. तिथून त्याचा आवाज आला, "बाळूभाऊ, हे पिंप जरा धरू लागता का? इथे खाट बसेल." संध्याकाळपर्यंत कोठी रिकामी झाली, खाट आली, भिंतीला धरायला आडवा पाईप ठोकला गेला. भाभी गादीवरून सूचना देत होत्या, आणि मायलेकरं पुन्हा मारवाडीत बोलत होती.

तो विषय राजूनं परत काढला नाही. भाभी गेल्या त्या त्याच कोठीत गेल्या, सकाळचं दुकान उघडायच्या आधी. तेव्हा मी निवृत्त झालो होतो, फाट्यावर जाणं कमी झालं होतं. राजूनं फोन करून सांगितलं. म्हणाला, "सर, मम्मी गेली."

मला त्या शेवटच्या दिसल्या ते गाडीच्या खिडकीतून. कामासाठी ओतूरकडे निघालो होतो आणि फाट्यावर गाडी अडकली होती. बघतो तर भाभींच्या दुकानासमोर एक मोठा टेम्पो, दुकानाची वाट अडवत, मागे रेटत रेटत पायरीपासून दोन हातांवर आलेला. टेम्पो आणि पायरी यांच्या मधे, रस्त्यावर भाभी उभ्या. डोक्यावर पदर, वॉकर टेम्पोच्या मागच्या चाकाला टेकवून ठेवलेला, आणि त्या दोन्ही हातांनी वॉकर धरून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होत्या. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, हातवारे करत होता, हॉर्न वाजवत होता. भाभी ओरडत नव्हत्या. त्या फक्त उभ्या होत्या.

माझी गाडी सुटायच्या आत टेम्पो पुढे निघून गेला.